समुद्रशैवाले प्रकाश कशी टिपतात : बेळगावातील एका प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी समुद्रशैवाले हा विषय मागितला आणि मार्गदर्शक या नात्याने मी तो आनंदाने मान्य केला. एक विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली, एक शहापूरची आणि एक विद्यार्थी निपाणीकडचा. बेळगावला समुद्र नाही, परंतु आंबोली किंवा चोर्ला घाट उतरला की काही तासांत किनारा लागतो, आणि पावसाळा सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचे महिने कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर शैवालांच्या भराचे असतात. काम २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात मांडायचे आहे.

आमच्याकडे या विषयावरचे नेहमीचे प्रात्यक्षिक पाने वाटून, ॲसिटोनमध्ये रंगद्रव्ये उतरवून, कागदावर त्यांचे पट्टे पाडण्यापाशी थांबते. ते करायलाच हवे, पण त्यातून अशी समजूत रूढ होते की प्रकाशसंश्लेषण म्हणजे हरितद्रव्याचे काम आणि बाकीची रंगद्रव्ये म्हणजे त्याचे मदतनीस. वास्तविक जिवंत पेशीत यांपैकी एकही रंगद्रव्य मोकळे नसते. प्रत्येक रेणू एखाद्या प्रथिनात ठरावीक जागी, शेजाऱ्यापासून ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात बसवलेला असतो, आणि प्रकाश टिपण्याचे सारे सामर्थ्य या बसवण्यात आहे. रंगद्रव्य प्रथिनात असताना आणि प्रथिनातून सुटल्यावर नेमका काय फरक पडतो, तो साध्या प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसेल असा दाखवता येईल का, एवढाच प्रश्न आम्ही प्रकल्पापुढे ठेवला आहे.

पार्श्वभूमी म्हणून आज इमर्सन आणि अर्नोल्ड यांचा १९३२चा प्रयोग समजावून दिला. क्लोरेला या एकपेशीय शैवालावर त्यांनी प्रकाशाचे अतिशय अल्पकाळ टिकणारे झोत सोडले आणि एका झोतामागे किती ऑक्सिजन सुटतो ते मोजले. झोत कितीही प्रखर केला तरी साधारण २,४०० ते २,५०० हरितद्रव्य-रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू सुटत होता. याचा अर्थ, प्रत्यक्ष रासायनिक काम करणारी केंद्रे मोजकी आहेत आणि उरलेले शेकडो रेणू केवळ प्रकाश टिपून त्या केंद्रांकडे पोहोचवतात. भर उन्हातही एकट्या हरितद्रव्य-रेणूवर सेकंदाला मोजकेच प्रकाशकण आदळतात, तर केंद्र त्याहून कितीतरी वेगाने काम करू शकते. तेव्हा प्रत्येक केंद्राभोवती टिपणाऱ्यांचा मोठा ताफा बाळगणे हाच किफायतशीर मार्ग ठरतो. पाण्याखाली, जिथे प्रकाशच तुटपुंजा, तिथे तर हा ताफा म्हणजे जगण्याचा प्रश्न आहे.

१५ डिसेंबर २०२४

वेंगुर्ला. पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही दूरवर जाते, आणि ती पहाटेची असल्याने उजाडताच खडकांवर पोहोचलो. खडकांना चिकटलेले काहीही उपटायचे नाही, लाटांनी तुटून डबक्यांत तरंगणारे किंवा वाळूवर नुकतेच आलेले तेवढेच उचलायचे, असे आधीच ठरले होते. कालव काढायला आलेल्या एका मावशींनी विचारले, "ह्यां शेवाळ घेवन तुमी काय करतलात?" निपाणीच्या विद्यार्थ्याने, "मावशी, ह्याचा रंग काढून बघायचाय," असे सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून ताज्या लालसर शैवालाचे डबके दाखवले.

मिळाले ते असे : अल्व्हा, म्हणजे पातळ, हिरव्या, पारदर्शक चिंध्यांसारखे पसरणारे, सरगॅसम, तपकिरी, बारीक हवेच्या गोळ्यांचे, पॅडायना, पंख्याच्या आकाराचे आणि अंगावर पांढुरकी पुटे असलेले, आणि ग्रॅसिलारिया, गर्द तांबूस-जांभळे, हाताला कुर्चेसारखे लागणारे. यांतले एक निरीक्षण मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे : हिरवे, तपकिरी आणि तांबडे हे तिन्ही प्रकार गुडघाभर खोल अशा एकाच डबक्यात, एकमेकांना लागून वाढलेले होते.

नमुने समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांत गुंडाळून थंड पेटीत ठेवले आणि दुपारी आंबोलीमार्गे परतलो.

१७ डिसेंबर २०२४

ॲसिटोनमध्ये रंगद्रव्ये उतरवली. अल्व्हाचा अर्क पालकाच्या अर्काहून डोळ्यांना वेगळा दिसत नाही. हरितद्रव्य ए आणि बी दोन्ही त्यात आहेत. सरगॅसममध्ये बी नाही, त्याऐवजी सी आहे, आणि कागदावर फ्युकोझॅन्थिन या तपकिरी शैवालांच्या खास रंगद्रव्याचा ठसठशीत नारिंगी पट्टा उमटतो. ग्रॅसिलारियाचा ॲसिटोन-अर्क मात्र हिरवट निघाला आणि तांबूस रंग चोथ्यातच राहिला. अपेक्षित होते तसेच झाले : तांबड्या शैवालाचा रंग ज्या फायकोइरिथ्रिनमुळे येतो, त्याचे रंगद्रव्य प्रथिनाशी रासायनिक बंधाने जखडलेले असते आणि ॲसिटोनमध्ये उतरत नाही. ते काढायला पाणी लागते.

२० डिसेंबर २०२४

आजचा प्रयोग इतका साधा आहे की तो शाळेतही करता यावा, आणि तरी या प्रकल्पाचा गाभा त्यात आला असे मला वाटते.

सरगॅसमची एक ताजी, तपकिरी पात चिमट्यात धरून तिचा अर्धाच भाग उकळत्या पाण्यात बुडवला. काही सेकंदांत बुडालेला भाग तपकिरीचा स्वच्छ, उजळ हिरवा झाला. पात वर काढून पांढऱ्या बशीत ठेवली तेव्हा पाण्याच्या पातळीपाशी रंगाची सीमा अगदी रेघ मारल्यासारखी दिसत होती : वरचा भाग अजून तपकिरी, खालचा कोवळ्या पानासारखा हिरवा. पॅडायनाचेही तसेच झाले.

पहिली शंका साहजिक आली, की तपकिरी रंग पाण्यात उतरला असेल. भांड्यातले पाणी जवळजवळ स्वच्छ होते. फ्युकोझॅन्थिन पाण्यात विरघळतच नाही. मग हिरवा झालेला आणि तपकिरी राहिलेला, असे दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे घेऊन ॲसिटोनमध्ये वाटले आणि दोघांचे पट्टे एकाच कागदावर शेजारी शेजारी पाडले. फ्युकोझॅन्थिनचा नारिंगी पट्टा दोन्हीकडे होता. रंगद्रव्य जिथल्या तिथे, आणि रंग मात्र गेलेला.

कारण असे. मोकळे फ्युकोझॅन्थिन मुख्यतः निळा प्रकाश शोषते. ४५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा जोर असतो आणि ५०० च्या पुढे तो झपाट्याने ओसरतो. तेच फ्युकोझॅन्थिन त्याच्या प्रथिनाच्या कुशीत बसले की भोवतालच्या विद्युतभारांमुळे त्याचे शोषण हिरव्या भागात, ५५० नॅनोमीटरपर्यंत ताणले जाते. हिरवा प्रकाश शोषला जातो म्हणून शैवाल तपकिरी दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी विस्कटली की हिरवा प्रकाश पुन्हा मोकळा होतो आणि आपल्याला शैवाल हिरवे दिसू लागते. म्हणजे समुद्रात भरपूर असलेला हिरवा प्रकाश टिपण्याची क्षमता त्या रेणूची एकट्याची नाही, ती रेणू आणि प्रथिन यांची मिळून आहे.

२ जानेवारी २०२५

ग्रॅसिलारिया स्वच्छ धुऊन, फ्रीझरमध्ये गोठवून, वितळवून, खलबत्त्यात थोड्या फॉस्फेट बफरसह, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या क्षारद्रावणासह, घोटले. गोठण्या-वितळण्याने पेशी फुटतात आणि फायकोइरिथ्रिन आपोआप पाण्यात येते. फडक्यातून गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वरचा द्रव अमसुलाच्या सारासारखा गुलाबी निघाला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४९८ आणि ५६५ नॅनोमीटरला दोन स्पष्ट शिखरे आणि त्यांच्यामध्ये ५४० च्या आसपास एक खांदा मिळाला; तांबड्या शैवालांतील फायकोइरिथ्रिनची हीच ओळख आहे. ६१५ च्या सुमारास लहानसा उंचवटा आहे, तो फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्य-प्रथिनाचा.

हिरवे आणि पिवळे असे जे पट्टे हरितद्रव्य जवळजवळ वाया घालवते, नेमके तेच फायकोइरिथ्रिन उचलते. शुद्ध पाणी स्वतः लाल प्रकाश खाते : ६८० नॅनोमीटरचा प्रकाश दहा मीटर पाण्यातून गेला की त्याचा सुमारे शंभरावा भाग उरतो, तर निळा बव्हंशी शिल्लक असतो. समुद्र निळा दिसतो त्यात या शोषणाचा वाटा आहे आणि पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरण्याचाही आहे. हा दुसरा भाग १९२१ च्या सागरप्रवासानंतर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी उलगडला आणि त्याच वाटेवरचे काम पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत गेले. प्रदर्शन त्याच दिवशी आहे, त्यामुळे फलकावर या दोन ओळींना जागा द्यावी असे मी सुचवले. आमच्या कोकणकिनाऱ्याचे पाणी मात्र निळे नसते. नद्यांचा गाळ आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची पिवळट द्रव्ये निळा प्रकाशही खातात, आणि खाली उरतो तो बहुतांशी हिरवा.

९ जानेवारी २०२५

आज खोली अंधारी करून हिरव्या लेझरने काम केले. लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर आहे, म्हणजे फायकोइरिथ्रिनच्या शोषणपट्ट्याच्या मधोमध.

नुसत्या पाण्याच्या परीक्षानळीतून किरण जवळजवळ दिसत नाही. गुलाबी अर्कात शिरताच मात्र त्याची वाट लखलखीत पिवळसर-नारिंगी झाली. विद्यार्थी काही वेळ आळीपाळीने फक्त तेच पाहत होते, आणि मीही थांबून पाहिले. ही प्रतिदीप्ती आहे : रेणूने हिरवा प्रकाशकण शोषला, ऊर्जा पुढे द्यायला जवळ कोणी नव्हते, म्हणून ५७८ नॅनोमीटरच्या आसपास ती पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर टाकली गेली.

मग तोच किरण ग्रॅसिलारियाच्या ओल्या, ताज्या फांदीवर टाकला. नारिंगी चमक दिसली नाही. लाल काच डोळ्यांपुढे धरली तेव्हा फांदीवर मंद तांबडा ठिपका जाणवला, तो हरितद्रव्याचा. फायकोइरिथ्रिन दोन्हीकडे आहे, हिरवा प्रकाश ते दोन्हीकडे सारखाच शोषते आहे. पण जिवंत फांदीत ती ऊर्जा नारिंगी प्रकाश होऊन उधळण्यापूर्वीच पुढे सरकलेली असते.

ती कुठे जाते, याचे उत्तर फायकोबिलिसोममध्ये आहे. हरितलवकातील थायलाकॉइड पडद्यावर बसलेले हे प्रथिनांचे मोठे जुडगे १९६६ मध्ये एलिझाबेथ गँट आणि कॉन्टी यांनी पोर्फिरिडियम या तांबड्या शैवालात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. बाहेरच्या दांड्यांच्या टोकांना फायकोइरिथ्रिन, आतल्या बाजूला फायकोसायनिन, आणि पडद्याला टेकलेल्या गाभ्यात ॲलोफायकोसायनिन. यांची शोषणे अनुक्रमे ५६५, ६१५ ते ६२० आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपास, आणि शेवटी हरितद्रव्य ए सुमारे ६७० ते ६८० ला. दर पायरीला ऊर्जा थोडी उतरते, त्यामुळे उलट जाण्याची वाट अवघड होत जाते आणि प्रवाह केंद्राकडेच वळतो. टिपलेल्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग या वाटेने पोहोचतो.

हे हस्तांतर प्रकाश टाकून आणि झेलून होत नाही. स्लॅब भरण्याच्या दिवशी माणसांची रांग घमेली हातोहात वर देते, तशी उत्तेजना एका रेणूकडून शेजारच्याकडे थेट जाते. फ्योर्स्टर यांनी मांडलेल्या नियमाप्रमाणे हे हस्तांतर अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले की वेग चौसष्टपट घटतो. रेणू द्रावणात मोकळे सोडले की रांग मोडते आणि ऊर्जा हातातून सांडते. आज अर्कात दिसलेला नारिंगी प्रकाश ही ती सांडलेली ऊर्जा होय.

१६ जानेवारी २०२५

संक्रांतीला घरी गेलेली खानापूरची विद्यार्थिनी येताना तिळगुळाबरोबर विहिरीच्या पायऱ्यांवरचे काळसर, निळे-हिरवे, बुळबुळीत शेवाळ डब्यातून घेऊन आली. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्याच पद्धतीने अर्क काढला तर तो शाईसारखा निळा निघाला, ६२० ला शिखर, आणि उजेडात आडवा धरला की तांबडी झाक. फायकोसायनिन.

हा नमुना प्रकल्पात घ्यावा का, यावर थोडी चर्चा झाली, कारण विषय समुद्रशैवालांचा आहे. मी घ्यायला सांगितले. तांबड्या शैवालाचे हरितलवक मुळात अशाच सायनोबॅक्टेरियाला पेशीने पोटात घेतल्यातून आले, आणि फायकोबिलिसोम ही त्याच वारशाची खूण आहे. पुढे तांबड्या शैवालालाच दुसऱ्या पेशींनी आत घेतले आणि त्यातून तपकिरी शैवाले व डायाटम ही एकपेशीय शैवाले यांची हरितलवके आली. त्यांनी फायकोबिलिसोम टाकून दिले आणि पडद्यात रुतणारी, फ्युकोझॅन्थिन वागवणारी प्रथिने वापरात आणली. खानापूरच्या विहिरीतले शेवाळ आणि वेंगुर्ल्याच्या खडकावरचे ग्रॅसिलारिया यांच्यातले हे नाते फलकावर नसेल तर फलक अपुरा राहील.

२७ जानेवारी २०२५

आजचा दिवस वाचनाचा. या प्रथिनांच्या अणूंपर्यंतच्या रचना गेल्या काही दशकांत एकेक करून उलगडल्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकच काम किती वेगवेगळ्या तऱ्हांनी साधले गेले ते दिसते.

हिरव्या वनस्पतींच्या मुख्य प्रथिनाची रचना २००४ मध्ये पालकापासून मिळाली : एका घटकात हरितद्रव्य ए चे ८ आणि बी चे ६ रेणू, सोबत ४ कॅरोटिनॉइड, म्हणजे फ्युकोझॅन्थिन ज्या वर्गात मोडते ती पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये. फिओडॅक्टिलम या सागरी डायाटममधील फ्युकोझॅन्थिन प्रथिनाची रचना २०१९ ची, १.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईची : हरितद्रव्य ए चे ७, सी चे २, फ्युकोझॅन्थिनचे ७ आणि डायाडिनोझॅन्थिनचा १. दोन्ही प्रथिने एकाच कुळातली आहेत, पण डायाटमने कॅरोटिनॉइडचे प्रमाण हरितद्रव्याच्या जवळपास आणून ठेवले. अँफिडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचे (हाही एकपेशीय जीव) प्रथिन, ज्याची रचना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच्याही पुढे गेले आहे : हरितद्रव्याच्या २ रेणूंमागे पेरिडिनिन या कॅरोटिनॉइडचे ८. तिथे कॅरोटिनॉइड हा मदतनीस उरत नाही, प्रकाश टिपण्याचे मुख्य काम तोच करतो.

आणि फायकोबिलिसोम. ग्रिफिथसिया या तांबड्या सागरी शैवालाच्या २०१७ च्या रचनेत ८६२ प्रथिन-घटक आणि २,०४८ रंगकेंद्रे, म्हणजे प्रथिनाला जखडलेले रंगद्रव्य-रेणू, मोजली गेली, वस्तुमान १६.८ दशलक्ष डाल्टन. शहापूरच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढ्यांतले रंग नसलेले घटक कशाला?" प्रश्न नेमका होता. त्यांतले काही जोडणारी प्रथिने आहेत. दांडीतल्या चकत्या कोणत्या क्रमाने लागायच्या, गाभ्यावर कुठे टेकायच्या हे ती ठरवतात, आणि आसपासच्या रंगकेंद्रांचे ऊर्जास्तर किंचित बदलून उतार सुरळीत ठेवण्यातही त्यांचा हात असतो.

८ फेब्रुवारी २०२५

फलकाच्या मांडणीवरून आज बराच वेळ बोलणे झाले. विद्यार्थ्यांना मधोमध समुद्राचा छेद काढायचा होता : वर हिरवी शैवाले, मध्ये तपकिरी, तळाशी तांबडी. चित्र देखणे झाले असते. एंगेलमान यांनी १८८० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आजही पुष्कळ ठिकाणी जशीच्या तशी छापली जाते. परंतु ती खरी धरून फलक करणे मला मान्य नव्हते, आणि कारण आमच्याच नोंदवहीत होते : वेंगुर्ल्याच्या एका डबक्यात तिन्ही रंग एकत्र वाढले होते. कोडियमसारखी हिरवी शैवाले खोल पाण्यातही राहतात. त्यांच्या प्रथिनात सायफोनाझॅन्थिन नावाचे कॅरोटिनॉइड असते आणि ते हिरवा प्रकाश टिपते. शिवाय जाड, गर्द शैवालात रंगद्रव्याचा साठाच इतका असतो की रंग कोणताही असो, आत शिरलेला बहुतेक प्रकाश शोषला जातो. शैवाल कुठे वाढणार हे चरणारे प्राणी, लाटा, जागेसाठीची झुंज अशा अनेक गोष्टींवर ठरते.

तांबड्यांची खोलीतली पोहोच मात्र विलक्षण आहे, हेही फलकावर यायला हवे. बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटून वाढणारे चुनखडीयुक्त तांबडे शैवाल सापडले. मार्क आणि डायान लिटलर व सहकाऱ्यांनी ते १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा जेमतेम ०.०००५ टक्का पोहोचतो.

छेदचित्राच्या जागी आता हॅक्सो आणि ब्लिंक्स यांचा १९५० चा आलेख काढायचे ठरले. त्यांनी शैवालाचा तुकडा प्लॅटिनमच्या विद्युतअग्रावर ठेवून प्रत्येक तरंगलांबीला सुटणारा ऑक्सिजन मोजला. अल्व्हात शोषण आणि कार्य यांच्या रेषा जवळपास एकावर एक बसल्या. तांबड्या शैवालांत फायकोइरिथ्रिनने टिपलेला हिरवा प्रकाश उत्तम कामी आला आणि खुद्द हरितद्रव्याने टिपलेला लाल प्रकाश मात्र फिका पडला. हे कोडे पुढे, इमर्सन यांच्या १९५७ च्या निरीक्षणांनंतर दोन प्रकाशप्रणालींची कल्पना स्थिरावल्यावर सुटले : तांबड्या शैवालात हरितद्रव्याचा मोठा भाग पहिल्या प्रणालीकडे असतो, आणि ऑक्सिजन सोडणाऱ्या दुसऱ्या प्रणालीला मुख्य पुरवठा फायकोबिलिसोमचा असतो.

१९ फेब्रुवारी २०२५

वेंगुर्ल्याहून बेळगावला येणाऱ्या एसटीने ताजे ग्रॅसिलारिया समुद्राच्या पाण्यासह मागवून घेतले होते. त्यावर शेवटचा प्रयोग केला. फायकोबिलिसोम अखंड राहायला दाट क्षाराचे पाणी लागते, म्हणून ०.७५ मोलर फॉस्फेट बफरमध्ये शैवाल घोटून, पेशीचे पडदे विरघळवणारे थोडे ट्रायटन घालून, गाळून घेतले. इतर प्रथिनांसाठी आपण बर्फ वापरतो, पण हे जुडगे थंडीतच सुटू लागते. बेळगावची फेब्रुवारीतली सकाळ त्यालाही गार पडेल असे वाटल्याने काम दुपारी, खोलीचे तापमान वीस अंशांच्या वर गेल्यावर हाती घेतले.

एकाच अर्काचे सारखे दोन भाग केले. एक त्याच दाट बफरने दहापट पातळ केला, दुसरा साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने. रंग दोन्हींचा सारखाच, फिका गुलाबी. अंधारात हिरवा किरण सोडला तेव्हा बफरच्या नळीत वाट मंद दिसली आणि लाल काचेतून ती अधिक जाणवली. पाण्याच्या नळीत ती सुरुवातीला तशीच होती. मग हळूहळू नारिंगी चढत गेली आणि अर्ध्या तासात ठळक झाली. दोन्ही नळ्यांत रेणू तेच, संख्येनेही तेवढेच. पाण्याने दांड्या सुट्या केल्या आणि फायकोइरिथ्रिनला ऊर्जा द्यायला शेजारी उरला नाही.

संध्याकाळपर्यंत बफरच्या नळीतही किंचित नारिंगी आले. अर्क टिकत नाही हे स्पष्ट आहे, म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी तो सकाळी ताजा करावा लागेल आणि पाण्याची नळी प्रेक्षकांसमोर दर अर्ध्या तासाने नव्याने भरावी लागेल. त्यासाठी उरलेले ग्रॅसिलारिया हवेच्या पंपासह समुद्राच्या पाण्याच्या टबात, खिडकीपासून दूर ठेवले आहे. पाणी रोज पाहण्याची जबाबदारी निपाणीच्या विद्यार्थ्याने घेतली आहे. लेझर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीखाली, लाकडी खोक्यात घट्ट बसवायचा आहे, आणि सरगॅसमच्या पातींसाठी उकळत्या पाण्याची किटली टेबलाच्या मागच्या बाजूला.